‘समोर’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

माद्रिदला शिकायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला पहिल्याच रात्री घरमालकिणीचा निरोप आला, ‘एस्तोय एन एल बार दे एनफ्रेंते.’ किल्ली घेऊन मी समोरच्या बारमध्ये बसले आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही दोन बॅगा ओढत इमारतीपाशी पोचली. दाराच्या पुढ्यातच फुटपाथवर एका बारची टेबलं मांडलेली होती. इमारतीसमोर बार आहे, म्हणजे हाच, असं धरून ती तिथे बसली. मालकीण मात्र रस्ता ओलांडून पलीकडच्या बारमध्ये होती. वीस मिनिटं दोघी एकमेकींची वाट पाहत राहिल्या, मध्ये जेमतेम एक रस्ता.

मुलीला ‘एनफ्रेंते’चा अर्थ पाठ होता. तिच्या वहीत लिहिलं होतं, एनफ्रेंते म्हणजे समोर. त्याच पानावर ‘देलांते’ म्हणजेही समोर, ‘फ्रेंते आ’ म्हणजेही समोर आणि ‘आंते’ म्हणजेही समोर असं लिहिलेलं होतं. स्पॅनिश शिकणाऱ्या बहुतेक मराठी मुलांच्या वहीत हे पान असतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मराठी ‘समोर’ फार मोठ्या पोटाचा शब्द आहे. रांगेतला पुढचा माणूस, रस्त्यापलीकडचं दुकान, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली बहीण आणि न्यायाधीश, हे सगळे त्यात मावतात. स्पॅनिश माणूस या चौघांसाठी एकच शब्द वापरत नाही. त्यातला योग्य शब्द कसा निवडायचा, ते पायरीपायरीने पाहू.

वाचण्याआधी लिपीबद्दल थोडं. स्पॅनिश शब्द मी इथे देवनागरीत, कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत. स्पॅनिशमधले ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांना जीभ लावून होतात, त्यामुळे मराठी तोंडाला ते सोपे जातात. ‘ब’ आणि ‘व्ह’ ही दोन अक्षरं स्पॅनिशमध्ये एकसारखीच उच्चारली जातात, म्हणून सगळीकडे ‘ब’ दिसेल. जिथे मी ‘स’ लिहिला आहे, तिथे काही शब्दांत माद्रिदचा माणूस जीभ दातांत धरून ‘थ’च्या जवळचा आवाज काढतो. लॅटिन अमेरिकेत मात्र सरसकट ‘स’ चालतो.

पहिली पायरी: आधी तोंड कुठे आहे ते पाहा

शब्द आठवण्याआधी डोळ्यांपुढे जागेचं चित्र उभं करा आणि दोनच गोष्टी ठरवा. दोघांची तोंडं एकमेकांकडे आहेत की एकाच दिशेला? आणि दोघांच्या मध्ये काही आहे का, म्हणजे रस्ता, नदी, चौक, टेबल?

यावर एवढा भर देण्याचं कारण शब्दांच्या जन्मात आहे. ‘ला फ्रेंते’ म्हणजे कपाळ. लॅटिनमधल्या कपाळ या अर्थाच्या शब्दावरून तो आला. ‘एनफ्रेंते’ हा ‘एन’ आणि ‘फ्रेंते’ यांचा जोड आहे. म्हणून ‘एनफ्रेंते’ ऐकलं की दोन कपाळं एकमेकांकडे वळलेली दिसली पाहिजेत. ‘देलांते’च्या पोटात ‘आंते’ आहे, लॅटिनमधलं जुनं ‘पूर्वी, पुढे’. तिथे कपाळाचा संबंध नाही, फक्त कोण पुढे आणि कोण मागे याचा आहे. हा फरक एकदा मनात बसला की अर्धं काम झालं.

‘फ्रेंते’ हा शब्द पुल्लिंगी केला, ‘एल फ्रेंते’, की कपाळाची आघाडी होते. लढाईची आघाडी, हवामानाची आघाडी, राजकीय आघाडी हे सगळे अर्थ त्यात येतात. त्यामुळे ‘एन एल फ्रेंते’ म्हणजे समोर नव्हे, तर युद्धाच्या आघाडीवर.

दुसरी पायरी: ‘समोर’ काढून ‘पुढे’ घालून पाहा

ही कसोटी मी बरीच वर्षं वर्गात वापरते आहे आणि मराठी माणसासाठी याहून चांगली मला सापडलेली नाही. मराठी वाक्यातला ‘समोर’ काढा, तिथे ‘पुढे’ ठेवा. अर्थ तसाच राहिला तर स्पॅनिशमध्ये ‘देलांते दे’. अर्थ बदलला किंवा वाक्य अवघडलं तर ‘एनफ्रेंते दे’ किंवा ‘फ्रेंते आ’.

शाळेसमोर गाडी लावू नका. शाळेपुढे गाडी लावू नका. दोन्ही एकच. म्हणून ‘नो आपार्के देलांते देल कोलेहियो’. मेक्सिकोत ‘आपार्के’च्या जागी गाडी उभी करण्यासाठी ‘एस्तासियोने’ म्हणतील, पण ‘देलांते’ तेच.

मुलांसमोर असं बोलू नकोस. मुलांपुढे असं बोलू नकोस. पुन्हा एकच. ‘नो आब्लेस आसी देलांते दे लोस निन्योस.’ कोणाच्या देखत, कोणाच्या उपस्थितीत हा अर्थ स्पॅनिशमध्ये ‘देलांते दे’च वाहतो. इथे ‘एनफ्रेंते दे लोस निन्योस’ म्हटलं तर मुलं रस्त्याच्या पलीकडे आहेत की काय असं वाटतं.

रांगेत माझ्यासमोर तिघं आहेत, यापेक्षा आपण रांगेत ‘माझ्यापुढे’ असंच म्हणतो. ‘देलांते दे मी आय त्रेस पेर्सोनास.’ तिघांची पाठ आपल्याकडे आहे, तोंडं एकाच दिशेला आहेत. रांग ही ‘देलांते’ची अगदी शुद्ध जागा.

आता समोरचं दुकान. ‘पुढचं दुकान’ म्हटलं तर रस्त्याने आणखी चालल्यावर लागणारं दुकान होतं, अर्थ पार बदलला. म्हणून ‘ला तिएंदा दे एनफ्रेंते’. समोरचे शेजारी, ‘लोस बेसिनोस दे एनफ्रेंते’. माझ्या विद्यार्थिनीने ‘समोरचा बार’ला ही कसोटी लावली असती तर ‘पुढचा बार’ इथे बसत नाही हे तिला लगेच कळलं असतं.

कसोटी जिथे तोकडी पडते ती जागा म्हणजे चालणं. ‘अजून थोडं पुढे जा’ यात ‘पुढे’ जागा दाखवत नाही, वाटचाल दाखवते. त्यासाठी ‘आदेलांते’ आहे, ‘मास आदेलांते’, म्हणजे आणखी पुढे. दार वाजल्यावर आतून ‘¡आदेलांते!’ असा आवाज आला तर ‘या, आत या’ असा अर्थ घ्यायचा.

तिसरी पायरी: ‘एनफ्रेंते दे’ की ‘फ्रेंते आ’

जागा सांगताना दोघांचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. माद्रिदचं उदाहरण घ्या. राजवाडा आणि तेआत्रो रेआल ही नाट्यगृहाची इमारत यांच्यामध्ये प्लासा दे ओरिएंते हा चौक आहे. १८५० मध्ये सुरू झालेल्या या नाट्यगृहाचं दर्शनी तोंड राजवाड्याकडे आहे. ‘एल तेआत्रो रेआल एस्ता फ्रेंते आल पालासियो रेआल.’ ‘एनफ्रेंते देल पालासियो रेआल’ म्हटलंत तरी बरोबर. राजवाड्याच्या दुसऱ्या अंगाला, पटांगणापलीकडे, १९९३ मध्ये अभिषिक्त झालेलं आल्मुदेना कॅथेड्रल आहे. तेही राजवाड्याच्या ‘एनफ्रेंते’च. एका इमारतीच्या दोन बाजूंना दोन ‘समोर’ असू शकतात हे इथे फार छान दिसतं, आणि म्हणूनच नुसतं ‘राजवाड्यासमोर भेटू’ हे माद्रिदमध्ये पुरेसं नाही.

फरक दोन ठिकाणी पडतो. पहिला व्याकरणाचा. ‘एनफ्रेंते’ एकटा उभा राहतो. ‘बिबो एनफ्रेंते’, मी समोरच राहतो, हे पूर्ण वाक्य आहे. ‘फ्रेंते आ’ला पुढे काहीतरी लागतंच, ‘बिबो फ्रेंते आ’ एवढ्यावर थांबता येत नाही. दुसरा फरक अर्थाचा. ‘फ्रेंते आ’ जागेपलीकडे जातो. ‘फ्रेंते आ ला क्रिसिस’ म्हणजे संकटाला तोंड देताना. ‘एल एउरो सुबे फ्रेंते आल दोलार’ म्हणजे डॉलरच्या तुलनेत युरो वधारला. या दोन्ही ठिकाणी ‘एनफ्रेंते दे’ चालत नाही. बातमी वाचताना ‘फ्रेंते आ’ दिसला की आधी ‘तुलनेत’ किंवा ‘विरोधात’ बसतं का ते पाहावं, मग ‘समोर’कडे वळावं.

‘एनफ्रेंते’ एक शब्द की ‘एन फ्रेंते’ दोन, हा प्रश्न दर वर्षी येतो. १७१३ मध्ये स्थापन झालेली रेआल आकादेमिया एस्पान्योला ही स्पॅनिशची भाषासंस्था दोन्ही मान्य करते, पण एका शब्दाला पसंती देते. तुम्हीही एकच लिहा.

आणखी एक सावधगिरी ‘आल फ्रेंते’ची. स्पेनमध्ये ‘आल फ्रेंते दे’ म्हणजे धुरा सांभाळत. ‘एस्ता आल फ्रेंते दे ला एम्प्रेसा’, म्हणजे कंपनीचा कारभार तिच्या हाती आहे. पेरू किंवा कोलंबियात मात्र लोक बोलताना ‘आल फ्रेंते’ म्हणजे सरळ ‘समोर, रस्त्यापलीकडे’ असं म्हणतात. लिमात कोणी ‘एस्ता आल फ्रेंते’ म्हणालं तर कंपनी शोधत बसू नका, रस्ता ओलांडा.

आणि हे सांगणं मला गरजेचं वाटतं. ‘ला आसेरा दे एनफ्रेंते’ म्हणजे समोरचा फुटपाथ. ‘बिबे एन ला आसेरा दे एनफ्रेंते’, तो समोरच्या बाजूला राहतो, यात काहीच वावगं नाही. पण ‘सेर’ या क्रियापदाबरोबर, ‘एस दे ला आसेरा दे एनफ्रेंते’, हा समलिंगी माणसाबद्दलचा जुना, हिणवणारा वाक्प्रचार आहे. पत्ता सांगताना चुकून तो तोंडून निघू नये, म्हणून ‘राहतो’ हे क्रियापद कधी गाळू नका.

चौथी पायरी: ‘माझ्या’चा मोह आवरा

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे येतं, घरासमोर. स्पॅनिशमध्ये तेच आधी येतं, ‘एनफ्रेंते दे ला कासा’. क्रम उलटा आहे, पण एक मदत मराठीतच आहे. ‘घराच्या समोर’ असं फोडून म्हणा. त्यातला ‘च्या’ म्हणजे स्पॅनिश ‘दे’. पुढे पुल्लिंगी ‘एल’ आला की ‘दे’ आणि ‘एल’ मिळून ‘देल’ होतो, ‘आ’ आणि ‘एल’ मिळून ‘आल’. एनफ्रेंते देल बांको, फ्रेंते आल बांको. ‘एनफ्रेंते’ला ‘दे’ आणि ‘फ्रेंते’ला ‘आ’, ही जोडी हाताला वळण लावून घट्ट करा.

हाच ‘च्या’ सर्वनामापाशी दगा देतो. ‘माझ्यासमोर’ म्हणताना आपल्या डोक्यात ‘माझ्या’ असतो आणि मग स्पॅनिशमध्ये ‘एनफ्रेंते मियो’, ‘देलांते मियो’ असं बाहेर पडतं. मियो म्हणजे माझा. अर्जेंटिनात आणि स्पेनमध्येही कानावर हे पडेल, म्हणून मुलांना ते बरोबर वाटतं. पण शुद्ध लेखनात आणि परीक्षेत ते चुकीचं धरतात. कारण साधं आहे. ‘माझा’ हे विशेषण नामालाच लागतं आणि ‘एनफ्रेंते’ नाम नाही, क्रियाविशेषण आहे. म्हणून ‘एनफ्रेंते दे मी’, ‘देलांते दे ती’, ‘फ्रेंते आ एया’, म्हणजे माझ्यासमोर, तुझ्यापुढे, तिच्यासमोर. ‘लादो’ म्हणजे बाजू हे मात्र खरंखुरं नाम आहे, म्हणून ‘आल लादो मियो’, माझ्या शेजारी, हे निर्दोष आहे. फरक कुठे ठेवायचा तेवढं लक्षात ठेवा.

यातला ‘मी’ उच्चारायला अगदी आपल्या ‘मी’सारखा आहे. लिहिताना मात्र त्याच्या स्वरावर तिरकी रेघ द्यावी लागते, कारण रेघ नसलेला ‘मी’ म्हणजे ‘माझा’. ‘मी कासा’, माझं घर, यात रेघ नाही. ‘एनफ्रेंते दे मी’ यात आहे.

पाचवी पायरी: न्यायाधीश, देव आणि ‘आंते’

‘आंते’ हा मानाचा शब्द आहे. कोणाच्या अधिकारापुढे, कोणत्या प्रसंगापुढे उभं राहणं तो सांगतो. ‘आंते एल हुएस’, न्यायाधीशांपुढे. ‘आंते ला लेय’, कायद्यापुढे. ‘आंते दियोस’, देवापुढे. मराठीतही अशा ठिकाणी ‘समोर’पेक्षा ‘पुढे’ जास्त शोभतं हे पाहा. देवापुढे हात जोडतो, न्यायालयापुढे बाजू मांडतो. स्पेनमध्ये दस्तऐवजावर नोटरी ‘आंते मी’ असं लिहून सही करतो, म्हणजे हे माझ्यापुढे घडलं.

बारसमोर भेटू यासाठी ‘आंते एल बार’ म्हणू नका. व्याकरण चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला बारचा दरबार भरल्यासारखं वाटतं. रोजच्या बोलण्यात ‘आंते’ भाववाचक नामांबरोबर सहज येतो. ‘आंते ला दुदा’, शंका असेल तेव्हा. ‘आंते तोदो’, सगळ्यात आधी. क्रीडावार्तेत तर ‘कोंत्रा’, ‘फ्रेंते आ’ आणि ‘आंते’ असे तिन्ही शब्द प्रतिस्पर्ध्यापुढे येतात. ११ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गला स्पेनने नेदरलँड्सला १-० असं हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्या सामन्याबद्दल तुम्हाला स्पॅनिशमध्ये या तिन्हींपैकी कुठलाही शब्द वाचायला मिळेल.

‘कोंत्रा’ इतरत्र मात्र टेकणं, आदळणं किंवा विरोध सांगतो. ‘ला एस्कालेरा कोंत्रा ला पारेद’ म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी, भिंतीसमोरची नव्हे. समोर म्हणजे मधे अंतर आणि ‘कोंत्रा’ म्हणजे स्पर्श, एवढं पक्कं करा.

सहावी पायरी: पलीकडे म्हणजे समोर असेलच असं नाही

‘आल ओत्रो लादो दे’ म्हणजे पलीकडे. मधे काहीतरी ओलांडायचं आहे एवढंच तो सांगतो. तोंड कुठे आहे याची त्याला पर्वा नाही. आपल्या ‘पलीकडे’चाही स्वभाव हाच. सेबिया शहरात ग्वादाल्किबीर नदीच्या एका काठाला जुनं शहर आणि दुसऱ्या काठाला त्रियाना ही वस्ती आहे. ‘त्रियाना एस्ता आल ओत्रो लादो देल रिओ.’ अख्खी वस्ती नदीपलीकडे, म्हणून हा शब्द. पण त्रियानाच्या अगदी काठावरच्या काये बेतिस या रस्त्यावरून तोरे देल ओरो हा बुरूज पैलतीरावर दिसतो, तेव्हा ‘एन ला ओरिया ओपुएस्ता’ किंवा ‘एन ला ओत्रा ओरिया’. पैलतीर या एका सुंदर मराठी शब्दासाठी स्पॅनिशला दोन शब्द लागतात.

तारीफा हे स्पेनच्या दक्षिण टोकाचं गाव. तिथून आफ्रिकेचा किनारा जवळपास १४ किलोमीटरवर आहे. स्वच्छ हवा असली की मोरोक्कोचे डोंगर डोळ्यांनी दिसतात. तिथला माणूस ‘आफ्रिका एस्ता आई, एनफ्रेंते’ असं म्हणतो, म्हणजे आफ्रिका ती काय, समोरच. समुद्र मधे असूनही ‘एनफ्रेंते’, कारण नजर थेट पोचते. क्षितिजापलीकडच्या दूर देशांसाठी ‘आयेंदे लोस मारेस’ असा जुना, पुस्तकी शब्दप्रयोग आहे, आपला सातासमुद्रापार. मेक्सिकोत मात्र ‘एल ओत्रो लादो’ एवढंच म्हटलं तर लोक सीमेपलीकडची अमेरिका समजतात. ‘से फुए आल ओत्रो लादो’, तो तिकडे गेला.

खिडकी किंवा घर कुठे बघतं हे सांगायला वेगळं क्रियापद आहे आणि ते शिकून ठेवलं की घर भाड्याने घेताना फार उपयोग होतो. ‘ला बेंताना दा आ ला काये’, खिडकी रस्त्याकडे उघडते. शब्दशः खिडकी रस्त्याला ‘देते’. जाहिरातीत ‘दा आल पातियो’ दिसलं तर खोली आतल्या चौकाकडे तोंड करून आहे, म्हणजे शांत पण कमी उजेडाची असण्याची शक्यता जास्त.

सातवी पायरी: ‘ओपुएस्तो’ आणि ‘कोंत्रारियो’

इथपर्यंत समोर म्हणजे जागा होती. आता विरुद्ध. ‘ओपुएस्तो’ हे ‘ओपोनेर’ या क्रियापदाचं रूप, मुळात ‘समोर ठेवलेला’. एका रेषेची दोन टोकं, एका चौकाच्या दोन बाजू असं भूमितीचं चित्र त्यात असतं. अर्जेंटिनाची राजधानी बुएनोस आइरेसला प्लासा दे मायो या चौकाच्या एका टोकाला राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, कासा रोसादा आहे. दुसऱ्या टोकाला काबिल्दो, म्हणजे वसाहतकाळातल्या नगरसभेची इमारत. ‘एल काबिल्दो एस्ता एन एल लादो ओपुएस्तो दे ला प्लासा.’ गणितातही हाच शब्द. मराठी पाठ्यपुस्तकातले विरुद्ध कोन ते ‘आंगुलोस ओपुएस्तोस पोर एल बेर्तिसे’. वनस्पतिशास्त्रात एकाच पेरावर समोरासमोर येणाऱ्या पानांना आपण संमुख म्हणतो, स्पॅनिशमध्ये ‘ओहास ओपुएस्तास’. तुळशीची फांदी हातात घेऊन पाहा, पानं तशीच असतात.

‘कोंत्रारियो’त विरोधाची किंवा उलटेपणाची छटा आहे. विरुद्ध संघ म्हणजे ‘एल एकीपो कोंत्रारियो’. विरुद्धार्थी शब्द विचारायचा तर ‘¿कुआल एस एल कोंत्रारियो दे ग्रांदे?’ मी सांगितलं त्याच्या उलट झालं, ‘पासो लो कोंत्रारियो दे लो के दिहे’. ‘उलट, मला ते आवडलं’ मधला ‘उलट’ म्हणजे ‘आल कोंत्रारियो’. घरात एखादा सारखा उलट बोलणारा असतो ना, त्याच्यासाठी ‘येबार ला कोंत्रारिया’ हा वाक्प्रचार आहे. तिथे ‘ओपुएस्तो’ कधीच येत नाही.

वाहतुकीच्या संदर्भात ‘एन सेंतीदो कोंत्रारियो’ म्हणजे उलट दिशेने. दिशेसाठी स्पॅनिशमध्ये दोन शब्द आहेत. ‘दिरेकसियोन’ म्हणजे रेषा, मुंबई-पुणे अशी. ‘सेंतीदो’ म्हणजे त्या रेषेवर जाण्याची बाजू, मुंबईहून पुण्याकडे की पुण्याहून मुंबईकडे. बोलताना लोक दोन्ही सरमिसळ वापरतात, पण पदार्थविज्ञानाच्या वर्गात हा फरक काटेकोर पाळतात. समोरून अंगावर येणारी गाडी मात्र ‘दे फ्रेंते’. ‘बिएने उन कामियोन दे फ्रेंते’, समोरून ट्रक येतोय. समोरासमोर धडक, ‘चोके फ्रोंताल’.

पृथ्वीच्या गोळ्यावर अगदी पायाखाली विरुद्ध बाजूला असलेल्या जागेला ‘आंतीपोदास’ म्हणतात. स्पेनच्या पायाखाली न्यूझीलंड आहे, आणि दोन माणसांची मतं टोकाची वेगळी असली तर ती एकमेकांच्या ‘एन लास आंतीपोदास’ आहेत असं म्हणतात.

आठवी पायरी: माणसांची आणि वस्तूंची ठेवण

या भागात मराठी स्पॅनिशपेक्षा श्रीमंत आहे, आणि मला तो शिकवताना नेहमी आनंद होतो. पाठमोरा या एका शब्दाला ‘दे एस्पाल्दास’. उताणा, ‘बोका आरीबा’, म्हणजे तोंड वर. पालथा, ‘बोका आबाहो’, तोंड खाली. पालथी वाटी, पालथी पत्त्याची पानं, पालथं झोपलेलं बाळ, सगळ्यांना ‘बोका आबाहो’ चालतं. उलटा घातलेला सदरा, ‘आल रेबेस’, मग आतली बाजू बाहेर असो की पुढचं मागे.

समोरासमोर बसलेल्या दोघांसाठी ‘फ्रेंते आ फ्रेंते’ किंवा ‘कारा आ कारा’. पहिल्यात जागा जास्त, दुसऱ्यात बोलणं किंवा सामना जास्त. एकेकाचं वेगळं सांगायचं तर लिंग जपावं लागतं. दोन पुरुष किंवा स्त्री-पुरुष असतील तर ‘ऊनो फ्रेंते आल ओत्रो’, दोन बहिणी असतील तर ‘ऊना फ्रेंते आ ला ओत्रा’.

नाण्याच्या दोन विरुद्ध बाजूही बघून घ्या, कारण हा शब्द देशागणिक बदलतो. आपला छापा-काटा स्पेनमध्ये ‘कारा ओ क्रुस’, कोलंबियात ‘कारा ओ सेयो’ आणि मेक्सिकोत ‘आगिला ओ सोल’, म्हणजे गरुड की सूर्य. गरुड तिथल्या राष्ट्रचिन्हातला.

‘आय’ की ‘एस्ता’

समोर मेडिकल आहे. या ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत. वस्तू ऐकणाऱ्याला नवी असेल तर ‘आय’. ‘एनफ्रेंते दे मी कासा आय उना फार्मासिया’, म्हणजे एक मेडिकल आहे. ऐकणाऱ्याला कोणतं ते ठाऊक असेल तर ‘एस्ता’. ‘ला फार्मासिया एस्ता एनफ्रेंते दे मी कासा.’ कार्यक्रमाची जागा सांगताना मात्र ‘एस’. ‘एल कोंसिएर्तो एस एन एल तेआत्रो दे एनफ्रेंते’, मैफल समोरच्या नाट्यगृहात आहे. इमारत असते तिथे ‘एस्तार’ (‘एस्ता’चं मूळ क्रियापद), घडतं तिथे ‘सेर’ (‘एस’चं मूळ क्रियापद).

आता हात बसवायला चार वाक्यं

त्याने आईसमोर सगळं कबूल केलं. कसोटी लावा, ‘आईपुढे’ चालतं. ‘लो कोंफेसो तोदो देलांते दे सु माद्रे.’ इथे ‘आंते’ही बसतो, पण मग आई घरातली राहत नाही, न्यायासनावर बसते.

तो टीव्हीसमोर झोपला. ‘टीव्हीपुढे’ही चालतं, म्हणून ‘देलांते दे ला तेले’. पण माणसाचं आणि पडद्याचं तोंड एकमेकांकडे असल्यामुळे ‘फ्रेंते आल तेलेबिसोर’ही तितकंच बरोबर. अशा जागी दोन उत्तरं असतात आणि परीक्षकाला ते माहीत असतं.

समोरच्या काठावर दिवे लागले. नदी आहे, तेव्हा ‘एन ला ओरिया ओपुएस्ता’ किंवा ‘एन ला ओत्रा ओरिया’. बोलताना ‘एनफ्रेंते’ एवढंही पुरेल.

बसमध्ये माझ्यासमोर एक आजोबा बसले होते. हे वाक्य मी नेहमी शेवटी देते, कारण मराठीत ते अपुरं आहे आणि स्पॅनिश ते अपुरं राहू देत नाही. आजोबांची पाठ तुमच्याकडे होती, म्हणजे ते पुढच्या सीटवर होते, तर ‘देलांते दे मी’. सीटा एकमेकांकडे तोंड केलेल्या होत्या आणि आजोबा तुमच्याकडे बघत होते, तर ‘एनफ्रेंते दे मी’. उत्तर लिहिण्याआधी वर्गातल्या प्रत्येकाला मी एकच विचारते: आजोबांचा चेहरा तुला दिसत होता का?